कानात स्पेलिंग सांगता येत नाही

'नावात काय आहे?' हा प्रश्न शेक्सपिअरच्या नावावर इतक्या वेळा विचारून झाला आहे की, आता त्याचे उत्तर देण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. माझ्यावर मात्र गेल्या वर्षी ती वेळ आली. भावाला मुलगी झाली आणि मी आत्या झाले. नाव ठेवण्याचा मान आत्याचा! बारशाला घर माणसांनी भरले, घुगऱ्या वाटल्या, पाळण्याच्या खालून-वरून गोविंद-गोपाळाची देवाणघेवाण झाली. मी वाकणार, तोच दादाने हातात चिठ्ठी ठेवली. नाव दोन अक्षरी, सुरेख. पण रोमन लिपीत त्याला मध्ये दोनदा 'ई', दोनदा 'ए' आणि शेवटी एक मुका 'एच'! अंकशास्त्र सांगणाऱ्या कोणा गृहस्थांनी बेरीज जुळवून दिली होती. "असंच हवं हं, ताई," वहिनी म्हणाली. मी पाळण्यात वाकले आणि अडले. कानात स्पेलिंग सांगायचे तरी कसे?

वाचकहो, मी नव्या नावांच्या विरुद्ध नाही. विहान, कियान, रेयांश ही नावे ऐकून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नव्हे. रेयांश म्हणजे 'किरणाचा अंश' असे सांगतात. संस्कृतात किरणाला 'रे' म्हणत नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण अर्धे इंग्रजी, अर्धे संस्कृत हे नाव आपल्या मीरा रोडला शोभूनच दिसते. येथे एका जिन्यात मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी आणि उर्दू बोलणारी घरे असतात. नावांनी तेवढे सोवळे पाळावे, असे का म्हणावे?

विचित्र स्पेलिंगचेही मला वावडे नाही. आपल्या 'ज्ञानेश्वर'चेच पाहा. रोमन लिपीत आपण त्याला 'डी-एन-वाय' लावतो. परप्रांतीय मित्र ते पाहून गोंधळतो, कारण त्याच्याकडे 'ज्ञ'चा उच्चार 'ग्य' होतो. पण त्या तीन अक्षरांत आपला उच्चार पकडण्याची धडपड आहे. खाडीपलीकडच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पोर्तुगीज वळणाचे ते आडनाव देवनागरीत आले आणि मराठी होऊन गेले. आपल्या गावाचे तर विचारूच नका. रोमन लिपीत भाईंदरच्या शेवटी कोणी 'डी-ए-आर' लिहितो, कोणी 'डी-ई-आर', आणि महानगरपालिकेच्या नावात मधला 'वाय' जाऊन 'आय' येतो. लोकल मात्र तिन्ही स्पेलिंगांना एकाच फलाटावर उतरवते.

मग माझी तक्रार कशाची? उच्चारासाठी वाढवलेले अक्षर वेगळे आणि नशिबासाठी वाढवलेले वेगळे, एवढीच माझी तक्रार आहे. दुसऱ्या प्रकारचे अक्षर कोणाला ऐकू येत नाही. ते फक्त अर्जात अडते. हे मी स्वानुभवाने सांगते. माझ्या नावातल्या 'व'ला शाळेच्या दाखल्यावर 'व्ही' आहे आणि आधार कार्डावर 'डब्ल्यू'. एवढ्या एका अक्षरापायी शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. प्रतिज्ञापत्र झाले, खेटे झाले, कॉलेजचे तीन दिवस बुडाले. ती चूक तर कोणी मुद्दाम केलेली नव्हती. आमच्या चिमुरडीच्या वाट्याला मात्र ती हौसेने, दक्षिणा देऊन येत होती.

आणि आता काळ अधिक कडक आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सर्वांसाठी जन्मदाखलाच जन्माचा पुरावा म्हणून धरला जाणार आहे. दाखल्यावरचा मुका 'एच' जन्मभर बरोबर चालणार!

आमची आजी हे सारे ऐकून हसली. म्हणाली, "आमच्या वेळी मूल जगावं म्हणून दगडू, धोंडू नाव ठेवायचे. तुम्ही शिकलेले, तुम्ही अक्षर वाढवता." मला एकदम उमगले की, दगडू काय आणि जास्तीचा 'ई' काय, दोन्हींच्या मुळाशी भीतीच आहे. आजीच्या पिढीला मूल जाण्याची भीती होती. आमच्या पिढीला ते गर्दीत हरवण्याची आहे. त्या भीतीला मी हसणार नाही. पण भीतीने ठेवलेल्या नावाचे ओझे शेवटी मूलच वाहते. मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना 'नकुशी' म्हणणारी घरे आपल्याच महाराष्ट्रात होती. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नाव बदलावे तर असे, नाव धारण करणारीच्या सुखासाठी.

नवेपणाची हौसच असेल तर त्यालाही वाट आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहिण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे. याला मी खरा नवेपणा म्हणते. यात एकही अक्षर मुके नाही. उलट, इतकी वर्षे मुके राहिलेले एक नाव त्यामुळे बोलू लागले.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. नाव हवे ते ठेवा. पण ते आधी देवनागरीत लिहा, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला मोठ्याने वाचून दाखवा आणि मग जसे ऐकू येते तसे रोमन लिपीत उतरवा. खिडकीपुढे उभे राहून प्रत्येक वेळी 'दोन ई, दोन ए' असे मुलालाच सांगावे लागणार आहे, हे विसरू नका.

बारशाच्या दिवशी मी काय केले? चिठ्ठी मुठीत धरली, बाळाच्या कानाशी तोंड नेले आणि मराठीत जसे उच्चारतात तसे नाव सांगितले. पाठीवर आयाबायांचे गुद्दे बसलेच! दाखल्याचा वाद पुढे आठ दिवस चालला. अखेर दादाने मुका 'एच' सोडला. 'ई'ची जोडी मात्र कायम राहिली. भाची मोठी होऊन जाब विचारील, तेव्हा तिला हा अंक दाखवीन. आत्याच्या हातात जेवढे होते, तेवढे आत्याने केले.