काढा आणि कसोटी

२०२२ च्या आरंभी हाँगकाँगमध्ये करोनाने हाहाकार उडविला. ऐंशी वर्षांवरील बहुसंख्य वृद्ध तेव्हा लसीवाचून होते आणि मृत्यूने प्रामुख्याने वृद्धांनाच गाठले. एप्रिलमध्ये तेथील सरकारने घरोघर जी पेटी धाडली, तीत मुखपट्ट्या होत्या, चाचणीची साधने होती आणि त्यांच्याच पंक्तीला बसविलेली चिनी वनौषधेही होती. पंक्तीचा हा मान त्या औषधांनी कमावला होता काय?

अशा औषधांत सर्वांत गाजलेले 'लिआनहुआ छिंगवन' हे २००३ च्या सार्सच्या साथीत घडविले गेले. त्यात ज्येष्ठमध, रेवंदचिनी, माहुआंग आदी तेरा द्रव्ये आहेत. २०२० साली चीनमध्ये २८४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. हे औषध घेणाऱ्यांची लक्षणे साधारण सात दिवसांत ओसरली, इतरांना दहा दिवस लागले. परंतु कोणाला औषध मिळते आहे, हे रोगी आणि वैद्य दोघांनाही ठाऊक होते! शिवाय विषाणू नाहीसा होण्यात वा आजार बळावण्यात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. एवढ्याशा पुराव्यावर घरोघर औषध पोहोचविणे हे धाडस होय. माहुआंगमधील एफेड्रिन रक्तदाब वाढविते. तेव्हा 'निदान अपाय तरी नाही' हे समाधानही पोकळच ठरते.

याचा अर्थ चिनी वैद्यक टाकाऊ आहे, असा मात्र नव्हे. हिवतापावर औषध शोधताना तू यूयू या संशोधिकेला चौथ्या शतकातील को हुंग या वैद्याच्या ग्रंथात वाट सापडली. आपल्या दवण्याच्या जातकुळीतली एक वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस घ्यावा, असे त्यात सांगितले होते. उकळण्याने गुण नष्ट होत असावा, हे बाईंनी त्यावरून ताडले. अल्प उष्णतेवर अर्क काढला, तो प्राण्यांवर पारखला, १९७२ साली स्वतः घेतला आणि मगच रोग्यांना दिला. त्यातूनच आर्टेमिसिनिन लाभले आणि २०१५ साली नोबेल पारितोषिकही. त्यांनी परंपरेचा मान राखला, तो तिची परीक्षा घेऊन.

आपणही हाच धडा गिरविला पाहिजे. २०२० साली आपल्या आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, काळी मिरी यांचा काढा घेण्यास सुचविले. घशाला ऊब देणारा काढा कोणी अवश्य घ्यावा; आजीबाईच्या बटव्याविषयी आम्हांसही ममत्व आहे. परंतु काढा घेतला म्हणून कोणी लस टाळली, धाप लागूनही रुग्णालयाची पायरी चढण्यास विलंब लावला, तर तो दिलासा जिवावर बेततो. म्हणून सरकारी शिक्का कसोटीनंतरच उमटावा, आधी नव्हे. जे सोने आहे, त्याने कसोटीच्या दगडाला भ्यावे कशाला?