शेडकार्डावर विसंबू नका

दसरा जवळ आला की रंगाच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू डब्यांवर असायचा तेव्हा तयार रंगांतूनच निवड व्हायची. आता यंत्र हवी ती छटा मिसळून देतं, आणि गिऱ्हाईक शेडकार्डावरच्या टिकलीएवढ्या चौकोनावरून अख्खी खोली ठरवून मोकळं होतं. कार्डावर गोड दिसणारा अबोली चारही भिंतींवर चढला की भडक होतो, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात. म्हणून काउंटरमागचा मुरलेला माणूस सांगतो ते ऐकावं: एक पायरी फिकी छटा घ्या, छोटा डबा नेऊन भिंतीवर दोन हात मारा, सकाळी बघा, रात्री दिव्याखालीही बघा. उत्तरेकडच्या खोलीत राखाडी उदास वाटतो, हळदीकडे झुकणारा पिवळा खुलतो. (सोफ्यामागची एकच गडद भिंत? पुरे झाली ती फॅशन.) ओल मात्र कुठलाच रंग झाकत नाही. पावसात भिजलेली भिंत वाळायच्या आत पुट्टी फासली, तर महागड्या इमल्शनचेही पोपडे निघतात. आधी गळती शोधा, भिंत सुकू द्या, खरवडा, मग प्रायमर. जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतींना चुनाच बरा. तो ओल बाहेर पडू देतो. आणि उरलेल्या डब्यावर छटेचा क्रमांक लिहून ठेवा, पुढे ठिगळ मारायचं झालं तर तो लागतोच.