मिग गेले, इंजिनाचे काय?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ विमानांना समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. १९६३ साली हवाई दलात दाखल झालेले हे विमान बासष्ट वर्षे सेवेत राहिले. लढाऊ विमानांच्या तुकड्यांची मंजूर संख्या ४२. मिग गेल्यावर उरल्या २९. तेव्हापासून नव्या विमानाची चर्चा वृत्तपत्रांतून जोरात चालू आहे, आणि ती बहुधा उपवर मुलीसाठी स्थळे पाहावीत तशी चालते : याचा वेग अमुक, त्याचा पल्ला तमुक, घराणे फ्रान्सचे की रशियाचे. देण्याघेण्याची बोलणी मात्र, लग्नात होतात तशीच, बंद दाराआड.

आपल्या कार्यकर्त्यांत या विषयावर दोन ठराविक प्रतिक्रिया ऐकू येतात. पहिली, गरीब देशाला ही चैन कशाला? दुसरी, शस्त्रखरेदी म्हटली की दलाली आलीच. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. मिग-२१ आले त्याच १९६३ साली डॉ. लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला होता. पण हिमालयाच्या रक्षणाविषयी आग्रहाने बोलणाऱ्यांतही तेच होते. गरिबाची भाकरी आणि देशाची सीमा यांपैकी एकच निवडा, असे त्यांनी कधी म्हटले नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ५० लाख ६५ हजार कोटींपैकी ६ लाख ८१ हजार कोटी संरक्षणाला दिले गेले, म्हणजे रुपयामागे सुमारे साडेतेरा पैसे. हे पैसे खर्चून आपण नेमके काय विकत घेतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो समाजवाद्यांनी सोडून देण्याचे कारण नाही.

आधी माणसांचा हिशेब. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातात गेली आणि १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. दोष एकट्या विमानाचा नव्हता. साध्या प्रशिक्षण विमानावरून उतरलेला तरुण थेट मिगसारख्या अवखळ विमानावर बसवला जाऊ नये, मधली पायरी म्हणून प्रगत प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच केली होती. ब्रिटिश हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये, आणि आपल्या शेजारच्या बिदरच्या तळावर ती दाखल झाली २००८ मध्ये. जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री असताना, २००३ साली, स्वतः मिगमध्ये बसले. उद्देश वैमानिकांना धीर देण्याचा होता. पण मंत्र्याच्या उड्डाणाने बावीस वर्षांचा विलंब भरून निघत नाही. ‘खरेदी नको’ म्हणणे हाही एक निर्णय असतो आणि त्याची किंमत कोणीतरी मोजतो, हे पहिल्या प्रतिक्रियेच्या मित्रांनी ध्यानात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. पूर्णेच्या माणसाला इंजिनाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. हे गाव जंक्शन म्हणून वाढले. डबे कितीही चांगले असले तरी इंजिन नसेल तर गाडी फलाटावरच, हे इथल्या पोरालाही कळते. अमेरिकेच्या अल्को कंपनीची डिझेल इंजिने १९६२ मध्ये भारतात आली, १९६४ पासून ती वाराणसीच्या सरकारी कारखान्यात बनू लागली, आणि पुढे त्याच कारखान्यातून परदेशांतही गेली. चित्तरंजनने वाफेपासून विजेपर्यंतचा प्रवास असाच केला. रेल्वेला जे जमले ते हवाई क्षेत्रात जमले नाही, आणि आपल्या परावलंबनाचे मूळ तिथे आहे.

‘मारुत’ची कथा आठवावी. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरात रचलेले हे विमान १९६१ मध्ये उडाले. सांगाडा उत्तम, पण त्याला साजेसे शक्तिमान इंजिन मिळाले नाही. ऑर्फियसची सुधारित आवृत्ती विकसित करण्याचा खर्च आपण उचलला नाही, आणि सुमारे दीडशे विमानांवर प्रकरण संपले. दुसरे उदाहरण आपल्याच माणसांच्या राजवटीतले. १९७८ मध्ये जनता सरकारला जुन्या कॅनबेरा व हंटर विमानांच्या जागी नवे विमान निवडायचे होते. जग्वार, मिराज आणि स्वीडनचे व्हिगेन ही नावे पुढे होती. व्हिगेनचे इंजिन मूळ अमेरिकी रचनेवर बेतलेले. अमेरिकेने निर्यातीला नकार दिला आणि स्वीडनसारखे तटस्थ राष्ट्र आपले विमान आपल्या मर्जीने विकू शकले नाही. इंजिन ज्याचे, त्याचा शब्द अखेरचा.

आज ‘तेजस’ त्याच जागी उभे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांची मागणी नोंदवली. सुधारित तेजस २०२४ च्या आरंभी मिळायचे होते. २०२५ साल सरले तरी ते हवाई दलाच्या ताब्यात आले नव्हते. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे या मागणीतील पहिले इंजिनच मार्च २०२५ मध्ये आले. विलंबाला दुसरी कारणेही आहेत, आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या व्यवस्थापनाची त्यात सुटका नाही. सार्वजनिक क्षेत्र आपले म्हणून त्याची ढिलाई झाकण्याची सवय आपण सोडलेली बरी.

नाशिकजवळचे ओझर हे या गोष्टीचे महाराष्ट्रातले ठिकाण. १९६२ च्या सोव्हिएत करारातून सांगाड्यासाठी ओझर, इंजिनासाठी कोरापूट आणि विद्युत-उपकरणांसाठी हैदराबाद असे तीन कारखाने उभे राहिले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते, आणि १९६३ मध्ये ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. ओझरने मिग-२१ केले, मग मिग-२७, मग सुखोई-३०. हजारो कामगारांचे हात तिथे तयार झाले. पण परवान्याने मिळतो तो नकाशा. नकाशा काढणारी बुद्धी मिळत नाही. ओझरचे सुखोई तर रशियातून थेट आणलेल्यापेक्षा महाग पडले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथून तेजस उडाले, याचा मला खरोखर आनंद आहे. आपल्या रचनेचे लढाऊ विमान ओझरमधून प्रथमच उडाले.

राफेलच्या वादात पुन्हा शिरण्याची इच्छा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ आणि २०१९ मध्ये चौकशीच्या मागण्या फेटाळल्या. पण दोन गोष्टी उरतातच. मूळ योजना १२६ विमानांची होती आणि त्यांतील १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बनायची होती. २०१६ मध्ये करार झाला तो ३६ तयार विमानांचा. आणि २०१९ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात किमतीचे आकडे झाकून ठेवले गेले. जो खर्च संसदेलाही दिसत नाही त्याचा हिशेब लोकशाहीत कोणी करावयाचा?

‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये ३८३ कोटींना मंजूर झाला. पुढे खर्च २,८३९ कोटींवर गेला, आणि अपेक्षित रेटा न मिळाल्याने २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करण्यात आले. उधळपट्टी म्हणून त्याच्यावर बरीच टीका झाली. ३६ राफेलचा व्यवहार सुमारे ५९,००० कोटींचा. निरनिराळ्या वर्षांचे रुपये थेट ताडून पाहू नयेत, हे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आलो. तरीही, दोन दशके चाललेल्या इंजिन-संशोधनाला एका खरेदीच्या विसाव्या हिश्श्याइतकीही रक्कम आपण दिली नाही, एवढे या आकड्यांतून दिसतेच. झोतयंत्रातील पाती मूळ धातू वितळेल अशा उष्णतेत फिरतात. त्यांचे धातुशास्त्र अपयश पचवतच शिकावे लागते.

हवाई दल थांबू शकत नाही, हा आक्षेप रास्त आहे. चीन व पाकिस्तान थांबलेले नाहीत. म्हणून थोडी परदेशी विमाने घ्यावी लागली तर घ्यावीत, पण जी आधीच ताफ्यात आहेत त्यांच्यातूनच. सुखोई, राफेल, मिराज, मिग-२९, जग्वार, तेजस असे सहा प्रकार आपण आज सांभाळतो. सातव्याची भर म्हणजे सुट्या भागांचे नवे कोठार, नवे कारागीर, नवे परावलंबन. आणि तुलना करताना खरेदीची किंमत न पाहता चाळीस वर्षांच्या इंधन-दुरुस्तीसह होणारा एकूण खर्च पाहावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर नव्या पिढीच्या विमानासाठी इंजिन विकसित करण्याची घोषणा केली. आपले लक्ष या करारावर हवे. तप्त भागातील पात्यांचे तंत्र आपल्या मालकीचे राहणार की नाही, तिसऱ्या देशाला इंजिन विकताना पॅरिसची परवानगी लागणार का, आणि काम बंगळुरू-कोरापूटच्या कायम कामगारांकडे येणार की एखाद्या नव्या खाजगी कंपनीकडे, हे सही होण्यापूर्वी संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे आले पाहिजे. विरोधी बाकांवरील खासदारांना जिल्ह्याजिल्ह्यांतून तशी निवेदने जावीत. पूर्णेहून एक आम्ही पाठवीत आहोत.