अज्ञान बालकाचे दुसरे खाते

दहा वर्षांवरील मुलाला बँकेत स्वतःच्या सहीने बचत खाते चालविता येते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये याविषयीचे सुधारित निर्देशही दिले आहेत. तरीही त्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट मिळत नाही, व्यवहारांची मर्यादा बँक ठरविते आणि मूल सज्ञान होताच नमुना सही नव्याने घेतली जाते. त्याच मुलाचे इन्स्टाग्रामवरील खाते मात्र पुष्कळ घरांत कोणालाही न विचारता, जन्मसाल चार-पाच वर्षे मागे ढकलून उघडलेले असते.

या लहानशा असत्याची किंमत मोठी आहे. इन्स्टाग्रामची किमान वयोमर्यादा १३ वर्षांची आहे. कंपनीने २०२४ पासून किशोरवयीनांसाठी स्वतंत्र स्वरूपाची खाती आणली. ती आपोआप खासगी राहतात, अनोळखी व्यक्तीचे संदेश त्यांत अडविले जातात आणि १६ वर्षांखालील मुलास ही बंधने सैल करायची असल्यास पालकांची अनुमती लागते. नोंदीत मूल वीस वर्षांचे असेल, तर यांतील एकही संरक्षण त्याला लाभत नाही. मूल किती तास फोन पाहते, यावर घरोघरी वाद होतात. पण खात्यात जन्मतारीख कोणती लिहिली आहे, हे क्वचितच कोणी पाहते. व्हॉट्सअॅपवरही आपल्याला गटात कोणी सामील करावे, ही निवड संपर्कातील व्यक्तींपुरती मर्यादित करता येते. दोन मिनिटांचे काम आहे.

देखरेख करावी ती मुलाच्या समक्ष. गल्ला मोजताना मुनीमजींना समोर बसविण्याची रीत व्यापारी घरांना सांगावी लागत नाही. मूल निजल्यावर त्याचे संदेश चोरून वाचणारा पालक चार गोष्टी जाणून घेतो खरा, पण ते लक्षात आल्यावर मूल दुसरे खाते उघडते आणि त्याचा पत्ता घरात कोणालाच लागत नाही.

छळाचा आरंभ बहुधा क्षुल्लक वाटतो. वर्गाच्या गटात एखाद्या मुलीच्या छायाचित्राचे स्टिकर होते. डब्यात कांदा-लसूण नसतो म्हणून एखाद्या मुलाला टोपणनाव चिकटते. पूर्वी अशी थट्टा शाळेच्या फाटकापाशी संपत असे. आता ती रात्री अकरा वाजता अंथरुणापर्यंत येते आणि पाहणारे तीस-चाळीस असतात. मूल तरीही बोलत नाही, कारण बोलल्यावर पहिली शिक्षा त्यालाच होणार, फोन काढून घेतला जाणार, हे त्याला ठाऊक असते. यासाठी ‘सांगितलेस तर फोन जाणार नाही’ हे वचन पालकांनी आधीच द्यावे आणि प्रसंग आल्यावर ते मोडू नये. मूल जेवणावरून लवकर उठू लागले, फोन वाजताच दचकू लागले, सहलीला नको म्हणू लागले, तर विचारपूस करण्याची वेळ झाली आहे.

प्रकार उघड झाल्यावर संतापाने सर्व संदेश पुसून टाकणे ही नेहमीची चूक. खात्याचे नाव, दिनांक आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट प्रथम घ्यावेत. एकदाच दिसणारा संदेश असेल तर दुसऱ्या फोनने छायाचित्र घ्यावे. त्यानंतर तक्रार आणि ब्लॉक. ब्लॉक केल्याने त्रास वाढण्याची भीती असेल, तर इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ची सोय आहे: त्रास देणाऱ्याची टिप्पणी त्याची त्यालाच दिसते आणि आपल्याला रोखले आहे याची सूचना त्याला मिळत नाही. बालकाचे अश्लील चित्र असल्यास मात्र ते पुरावा म्हणूनही काका-मामांना पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब अन्वये असे साहित्य प्रसारित करणे हाच गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीस पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. अशी तक्रार केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर नाव न देताही नोंदविता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. १९३० हा क्रमांक ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे. घाईत या दोहोंची गल्लत होते.

खरी परीक्षा पुढे असते. छळणारा मुलगा पुष्कळदा त्याच पेठेतल्या, उधारी-वसुलीचे संबंध असलेल्या घरातला निघतो. मग ‘मुलांची थट्टा आहे, मनावर घेऊ नका’ असे म्हणून दोन्ही बाजूंचे वडील विषय मिटवितात, व्यापार सुरळीत राहतो आणि त्या मुलीला सोमवारी पुन्हा त्याच वर्गात बसावे लागते. अशा वेळी हिशेबाची बोलणी वेगळी आणि मुलांची वेगळी ठेवावीत, ती शाळेच्या शिक्षकांसमोर करावीत, स्टिकर ज्या ज्या गटांत गेले तेथून ते काढून घ्यावे आणि क्षमा त्याच गटात मागितली जावी, जेथे थट्टा झाली. तक्रार घेऊन आलेल्या पालकाला ‘आमचा मुलगा तसा नाही’ असे उत्तर देण्यापूर्वी त्या वडिलांनी मुलाला शेजारी बसवून त्याचा फोन एकदा पाहावा.