विश्लेषण : लहान मुलांसह परदेशवारी... पासपोर्टपासून ‘टीसीएस’पर्यंत नेमके अडते कुठे?

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की टूर कंपन्यांच्या जाहिराती सुरू होतात. थायलंड, दुबई, सिंगापूर, जमलेच तर युरोप. जाहिरातीतल्या ‘माणशी’ किमतीपुढे बारीक अक्षरांत ‘अटी लागू’ असते. घरात दोन-चार वर्षांचे मूल असेल, तर या अटी माणशी राहत नाहीत. प्रत्येक देशाचा, प्रत्येक विमान कंपनीचा आणि आपल्या प्राप्तिकर खात्याचा ‘मूल’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. विमानात दोन वर्षांखालचे ते ‘बाळ’, युरोपच्या व्हिसासाठी सहा वर्षांखालचे मोफत, अमेरिकेच्या व्हिसासाठी मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण प्रवासी. गेल्या दीड-दोन वर्षांत यातले बरेच नियम बदलले आहेत. जुन्या अनुभवावर विसंबलेल्या कुटुंबांची अडचण होते ती त्यामुळेच.

बाळालाही वेगळा पासपोर्ट लागतो?

हो. आईच्या पासपोर्टवर मुलाचे नाव टाकून प्रवास करण्याचे दिवस कधीच संपले. महिन्याभराच्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. सामान्य प्रक्रियेत त्याचे शुल्क १,००० रुपये असून आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना १० टक्के सवलत मिळते. चार वर्षांखालील मुलांचा फोटो पासपोर्ट केंद्रात काढला जात नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ४.५ बाय ३.५ सेंटिमीटरचा फोटो घरूनच न्यावा लागतो. रांगेत तासभर उभे राहिल्यावर हे कळणारे पालक आजही भेटतात.

महत्त्वाचा बदल जन्मतारखेच्या पुराव्याबाबत आहे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी आता जन्मदाखला हाच एकमेव पुरावा ग्राह्य धरला जातो. पासपोर्ट नियमांतील ही दुरुस्ती २०२५च्या फेब्रुवारीअखेर अधिसूचित झाली. म्हणजे आज दोन वर्षांच्या आत असलेल्या प्रत्येक मुलाला ती लागू आहे. रुग्णालयाचे कार्ड किंवा आधार दाखवून काम भागणार नाही. दाखल्यावर बाळाचे नाव नंतर चढवायचे राहून गेले असेल, तर आधी महापालिका किंवा ग्रामपंचायत, मग पासपोर्ट असा क्रम ठरलेला.

दुसरी गोष्ट मुदतीची. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी असतो. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशियासारखे देश प्रवेशाच्या वेळी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. त्यामुळे पाच वर्षांचा पासपोर्ट व्यवहारात साडेचार वर्षांचाच धरायचा. आईवडिलांचे पासपोर्ट दहा वर्षांचे असल्याने सगळ्यांचे लक्ष आपल्या तारखांकडे असते आणि मुलाचा पासपोर्ट मध्येच संपतो.

नावांचा घोळ मराठी घरांतच जास्त का?

कारण आपल्याकडची नाव लिहिण्याची पद्धत. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी तीन पदे असतात. पासपोर्टमध्ये मात्र रकाने दोनच, दिलेले नाव आणि आडनाव. वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात गेले की नाही, यावर पुढे तिकिटाचे स्पेलिंग अवलंबून असते. त्यातच राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आला आहे. निर्णय स्वागतार्हच आहे, पण थोरल्याची कागदपत्रे तीन पदांची आणि धाकटीची चार पदांची, असे एकाच घरात होऊ शकते. त्यामुळे एकाचा अर्ज पाहून दुसऱ्याचा भरू नये. जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट या चारही ठिकाणी त्या मुलाचे नाव अक्षरशः एकच असावे.

आईने माहेरचे आडनाव कायम ठेवले असेल, तर आणखी एक पेच येतो. ती एकटी मुलाला घेऊन निघाली, की परदेशी इमिग्रेशन अधिकाऱ्याला दोघांच्या पासपोर्टवर दोन आडनावे दिसतात. अशा वेळी आईचे नाव असलेला आणि इंग्रजी मजकूरही असलेला जन्मदाखला जवळ असणे हा सगळ्यात सोपा उपाय. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये.

एकटा पालक मुलाला नेऊ शकतो का?

या प्रश्नाचे उत्तर दोन टप्प्यांत द्यावे लागते. पहिला टप्पा पासपोर्टचा. सर्वसाधारणपणे आईवडील दोघांच्या संमतीचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे ‘अ‍ॅनेक्स्चर-डी’, द्यावे लागते. दुसऱ्या पालकाची संमती मिळणे शक्य नसेल, पालक विभक्त असतील किंवा एकाने संबंधच तोडले असतील, तर अर्ज करणारा पालक ‘अ‍ॅनेक्स्चर-सी’ देऊन अर्ज करू शकतो. डिसेंबर २०१६ पासून अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते. एकल मातांसाठी हा मोठा दिलासा होता. हे अजूनही अनेकांना माहीत नसते आणि दलालांचे फावते.

दुसरा टप्पा प्रवासाचा, आणि खरी अडचण इथे आहे. एका पालकाबरोबर निघालेल्या मुलासाठी दुसऱ्या पालकाचे संमतीपत्र लागते का, हे ज्या त्या देशावर ठरते. कॅनडा असे पत्र जवळ ठेवण्याचा आग्रह धरतो. इतर अनेक देशांचे दूतावास व्हिसाच्या वेळीच ते मागतात. यामागे संशय असतो तो पालकानेच मुलाला पळवून नेण्याचा. पालकांकडून होणाऱ्या अशा अपहरणांबाबत १९८० चा हेग करार आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही. त्यामुळे मूल एकदा देशाबाहेर गेले किंवा देशात आणले गेले, की ते परत मिळवण्याची लढाई दीर्घ आणि बेभरवशाची होते. परदेशी अधिकारी सावध असतात ते यामुळे. न्यायालयात ताब्याचा दावा चालू असेल, तर न्यायालयाची परवानगी न घेता मुलाला परदेशी नेणे पुढे त्याच दाव्यात अंगाशी येऊ शकते, मग ती आठ दिवसांची साधी सहल का असेना.

आजी-आजोबांबरोबर नातवंडांना पाठवतानाही हेच लागू होते. आईवडील दोघांच्या सहीचे, प्रवासाच्या तारखा, पत्ता आणि फोन क्रमांक असलेले नोटरी केलेले इंग्रजी पत्र आणि दोघांच्या पासपोर्टच्या प्रती इतके सोबत दिले, की बहुतेक ठिकाणी काम होते. खर्च किरकोळ, आणि नसले तर अख्खी सहल पणाला.

व्हिसाच्या खर्चात मुलांना सवलत मिळते?

युरोपात मिळते, इंग्लंड-अमेरिकेत नाही. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वयोगटाला ४५ युरो आणि सहा वर्षांखाली शून्य आहे. आठ आणि चार वर्षांच्या दोन मुलांसह जाणाऱ्या कुटुंबाला २२५ युरो पडतात. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. याच कुटुंबाला २०२५ मध्ये ब्रिटनच्या सहा महिन्यांच्या व्हिसासाठी माणशी १२७ पौंडांप्रमाणे ५०८ पौंड आणि अमेरिकेसाठी माणशी १८५ डॉलरप्रमाणे ७४० डॉलर मोजावे लागत. नाकारला तर शुल्क परत नाही.

अमेरिकेने आणखी एक दोर कापला आहे. १४ वर्षांखालील मुलांना प्रत्यक्ष मुलाखतीतून मिळणारी सूट २ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट राहिलेली नाही. म्हणजे नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूरच्या कुटुंबाने तान्ह्या बाळालाही मुंबईच्या वाणिज्य दूतावासात नेण्याची तयारी ठेवायची. युरोपच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदणी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिच्यात १२ वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे घेतले जात नाहीत, पण चेहऱ्याचा फोटो घेतला जातो. झोपलेल्या मुलाला उठवून कॅमेऱ्यासमोर धरण्याची वेळ हिशेबात धरूनच पुढचे विमान निवडावे.

थायलंड भारतीयांना व्हिसामुक्त आहे, पण १ मे २०२५ पासून तिथे डिजिटल आगमन कार्ड सक्तीचे झाले आहे. ते बाळाचेही भरावे लागते, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. अधिकृत संकेतस्थळावर ते मोफत आहे. शोधयंत्रात वरच्या बाजूला दिसणारी आणि पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत.

‘टीसीएस’ म्हणजे वाया गेलेला पैसा का?

नाही. पण सहलीच्या बजेटमध्ये सर्वाधिक गैरसमज याच आकड्याबद्दल आहे. परदेशी सहलीचे पॅकेज विकताना कंपनीला ग्राहकाकडून कर गोळा करून सरकारजमा करावा लागतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये १० लाख रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरील रकमेवर २० टक्के असा दर होता. एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ७ लाख होती. सहा लाखांच्या पॅकेजवर ३० हजार रुपये जास्त भरावे लागत ते असे. ही रक्कम पॅनवर जमा होते आणि विवरणपत्रात वळती करून घेता येते.

ही मर्यादा माणशी, म्हणजे पॅननुसार मोजली जात असे. समजा तेव्हा युरोपचे पॅकेज १४ लाखांचे होते. सगळे पैसे एकाच्या नावावर भरले, तर पहिल्या १० लाखांवर ५० हजार आणि उरलेल्या ४ लाखांवर ८० हजार, असे १ लाख ३० हजार रुपये अडकत. पतीपत्नीने आपापल्या वाट्याचे ७-७ लाख आपापल्या खात्यातून आणि वेगळ्या बिलावर भरले, तर ७० हजार. यात कर वाचत नसे, फक्त अडकून पडणारी रक्कम ६० हजारांनी कमी होत असे. गृहकर्जाचा हप्ता आणि शाळेची फी एकाच महिन्यात भरणाऱ्या घराला हा फरक लहान नव्हता.

नोकरदारांनी परताव्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. ऑक्टोबर २०२४ पासून कंपनीला तसा अर्ज दिला, की टीसीएसची रक्कम पगारातून कापल्या जाणाऱ्या करातून वजा होते. अनेक कार्यालयांतल्या लेखा विभागालाच याची आठवण करून द्यावी लागते, हा भाग वेगळा.

मुलांच्या बाबतीत एक खाच आहे. बिल मुलाच्या नावाने फाडले आणि त्याचा पॅन नसेल, तर २०२५-२६ मध्ये दर दुप्पट होत असे. म्हणजे ५ ऐवजी १० टक्के. मुलाच्या नावावर जमा झालेला टीसीएस १ जानेवारी २०२५ पासून पालकाला आपल्या विवरणपत्रात घेता येतो, पण मुलाचे उत्पन्न त्या पालकाच्या उत्पन्नात मिळवले जात असेल तरच. त्यापेक्षा संपूर्ण बिल पालकाच्या नावाने घेणे सोयीचे.

फक्त विमानाचे तिकीट किंवा फक्त हॉटेल घेतले, तर ते ‘पॅकेज’ ठरत नाही, असे प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. स्वतः आखणी करणाऱ्यांना हा फायदा आहे. मात्र लहान मूल बरोबर असताना मध्यरात्री हॉटेलचे आरक्षण सापडले नाही, तर फोन कोणाला करायचा, याचीही काही किंमत असते.

विमानात मुलाशेजारी बसण्यासाठी पैसे भरायचे?

भरू नयेत. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरील किमान एका पालकाशेजारी जागा द्यावी, असे डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बजावले आहे. कळीचे शब्द ‘त्याच पीएनआरवरील’. माइल्स वापरून आईचे तिकीट वेगळे काढले, तर हा आधार जातो. दोन वर्षांखालचे बाळ मांडीवर बसून कमी दरात जाते, पण सहलीतच त्याचा दुसरा वाढदिवस आला, तर परतीला स्वतंत्र आसन आणि मुलाचे भाडे लागते. थोडक्यात, वाढदिवस परत आल्यावर करावा!

बॅगेत काय नको?

खसखस. दिवाळीत दुबईला निघालेल्यांनी अनारसे आणि खसखशीचे सारण भरलेल्या करंज्या घरीच ठेवाव्यात. संयुक्त अरब अमिरातीत खसखस प्रतिबंधित आहे, सिंगापूरमध्येही तीच गत. तिथल्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला फराळ समजावून सांगण्याची वेळ न आलेली बरी. औषधांचेही तसेच. कोडीन असलेली खोकल्याची औषधे अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत. मध्य प्रदेशातील बालमृत्यूंनंतर केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती टाळावीत, अशी सूचना केली आहे. त्यामुळे प्रवासाच्या पिशवीतून ही बाटली तशीही बाहेर काढावी लागेल. ताप, जुलाब आणि उलटीची औषधे मुलाच्या डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत.

मसाई मारा पाहायला केनियाला जाणाऱ्यांसाठी पिवळ्या तापाची लस हा स्वतंत्र विषय आहे. नऊ महिन्यांखालील बाळांना ती सहसा दिली जात नाही. लशीचे प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते आणि यातून सूट आहे ती सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांनाच. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळाचे आईवडील नेमके मधल्या फटीत सापडतात. त्यांनी सिंह पुढच्या वर्षी पाहावेत.