टचपॅडची हाक कुणी ऐकायची?

माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. लॅपटॉप सेकंडहँड, त्यावर लिनक्स. झाकण मिटून उघडलं की टचपॅड बंद. इंटरनेटवर सापडलेली दोन ओळींची स्क्रिप्ट तो रोज चालवायचा. ड्रायव्हर काढायचा, परत लावायचा, झालं. "मामू, चालतंय ना, मग कशाला छेडायचं?" हे त्याचं म्हणणं. माझा वाद याच वाक्याशी आहे.

रमजानमध्ये एका रात्री तरावीहनंतर आम्ही दोघं बसलो. झाकण उघडल्यावर इंटरप्ट मोजणारा आकडा पाहिला. बोट कितीही फिरवलं तरी तो हलत नव्हता.

इंटरप्ट म्हणजे उपकरणानं प्रोसेसरला मारलेली हाक. बोट टेकलं की टचपॅड एका वायरचा सिग्नल खाली ओढतो. मग ड्रायव्हर धावत येतो, माहिती वाचतो आणि सिग्नल परत वर जातो. ही हाक ओळखायच्या दोन रीती आहेत. सिग्नल खाली येतो तो क्षण पकडायचा, ही 'एज'. सिग्नल खाली आहे तोवर कुणीतरी बोलावतंय असं धरायचं, ही 'लेव्हल'. पहिल्या रीतीत पाहुणा दारावर एकदाच थाप मारतो, दुसरीत दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढत नाही.

मायक्रोसॉफ्टनं 2012 मध्ये आयटूसीवरच्या अशा टचपॅडसाठी जे प्रमाण ठरवलं, त्यात लेव्हलच सांगितली आहे. या मशीनच्या फर्मवेअरमध्ये मात्र एज लिहिलेलं. मशीन झोपेत असताना टचपॅडनं सिग्नल खाली ओढला, तो क्षण कुणी पाहिला नाही. जागं झाल्यावर सिग्नल खालीच. माहिती वाचलीच नाही म्हणून तो वर जाईना, आणि वर गेल्याशिवाय पुन्हा खाली येणार कसा? दोघंही एकमेकांची वाट बघत बसलेले. ड्रायव्हर परत लावला की टचपॅड रीसेट होतो, म्हणून स्क्रिप्ट चालते. पण रोग तिथंच राहतो.

ड्रायव्हरमध्येही अशी मलमपट्टी पुष्कळ दिसते. कुठं पन्नास मिलीसेकंदांची झोप घातलेली, कारण लिहिणाऱ्याच्या टेबलावर तेवढ्यानं भागलं. कुठं हँडलर प्रत्येक वेळी 'माझंच काम होतं, केलं' असं उत्तर देतो, स्वतःच्या उपकरणाला न विचारताच. एकच इंटरप्ट दोन उपकरणांत वाटलेला असेल तर हे सरळ खोटं बोलणं आहे. लिनक्स या उत्तरांचा हिशेब ठेवतो. एक लाखातल्या 99,900 हाकांना कुणीच आपलं म्हटलं नाही, तर तो ती लाइन बंद करतो आणि 'नोबडी केअर्ड' असा संदेश छापतो. मला हा संदेश आवडतो. तो निदान दुखणं कुठं आहे ते दाखवतो. खोटं 'केलं' म्हणणारा हँडलर हे दुखणं झाकतो, मशीन तापत राहतं, आणि मालक म्हणतो जुनं झालंय, भंगारात टाका.

भंगारात कोणाचं मशीन जातं? नवं घेऊ शकणाऱ्याला फरक पडत नाही. फी भरून उरलेल्या पैशांत मशीन घेणाऱ्या पोराला पडतो. स्क्रिप्ट माहीत असलेला तरून जातो, बाकीचे माऊस विकत आणतात.

आमची दुरुस्ती एका ओळीची होती: या मॉडेलला लेव्हल लाव. ती सापडायला तीन रात्री गेल्या. पण ओळीपेक्षा तिच्यासोबतचा खुलासा लिहिणं अवघड गेलं. भाच्यानं आधी एवढंच लिहिलं होतं, टचपॅड दुरुस्त केला. मी ते खोडायला लावलं. हाक कुठं हरवते, स्क्रिप्टनं का भागतं, लेव्हल केल्यावर किती वेळा झाकण मिटून पाहिलं, हे सगळं लिहिलं पाहिजे. लिनक्समध्ये दुरुस्तीसोबत 'फिक्सेस' अशी एक ओळ लिहायची पद्धत आहे. चूक ज्या बदलातून आली, तो बदल त्यात नोंदवतात. त्यात शिवी नसते, फक्त पत्ता असतो. आमच्या बाबतीत चूक फर्मवेअरची, म्हणून ती ओळ लागली नाही.

स्क्रिप्ट त्यानं अजून पुसलेली नाही. म्हणतो, राहू द्या मामू, कधी लागली तर.