किरणचित्रणाचे शिक्षण आणि पालकांचे कर्तव्य

काही दिवसांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन माझ्या कचेरीत आले. मुलाने एका खाजगी संस्थेत सहा महिन्यांचा 'एक्स-रे टेक्निशियन'चा अभ्यासक्रम पुरा केला होता व त्यासाठी बापाने कर्ज काढले होते. परंतु ते प्रमाणपत्र एकही इस्पितळ ग्राह्य धरीना. कागदावर शिक्का मोठा होता. मान्यता मात्र कोणाचीच नव्हती.

ही विद्या सहा महिन्यांत हाती येण्याजोगी नाही. १८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले, तेव्हापासून हे शास्त्र फार पुढे गेले आहे. अणुवैद्यकात तर रोग्याच्या शरीरात दिलेल्या द्रव्यातूनच किरण निघतात. टेक्निशियम-९९एम हे त्यांतील नित्याचे द्रव्य दर सहा तासांनी निम्मे होते. सकाळी सहाला मोजलेली मात्रा दुपारी बाराला अर्धी व सायंकाळी सहाला पाव उरते. मात्रा मोजणे, वेळ सांभाळणे, गॅमा कॅमेऱ्याने चित्र घेणे ही तंत्रज्ञाची जबाबदारी. येथे चूक झाल्यास रोग्यास व्यर्थ किरण सोसावे लागतात आणि निदानही फसते.

म्हणूनच कायद्याने येथे दार राखले आहे. २०२१ साली संसदेने सहायक व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात किरणचित्रण व अणुवैद्यक यांतील तंत्रज्ञांचा समावेश असून, सहायक व्यावसायिकास दोन ते चार वर्षांत पसरलेले किमान २००० तासांचे शिक्षण आवश्यक ठरविले आहे. बारावी विज्ञानानंतर पदवी घेणे हा एक मार्ग. विज्ञानाची पदवी घेऊन अणुवैद्यकाची पदविका मिळविणे हा दुसरा. १९६३ साली परळ येथे स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये अणुवैद्यकाचे शिक्षण दिले जाते.

किरणांच्या भीतीने कित्येक माता मुलींस या वाटेस जाऊ देत नाहीत. भीती अगदीच निराधार नाही, परंतु तिच्यावर उपाय आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यास पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, व कोणत्याही एका वर्षी फार तर ३०, अशी मर्यादा घातली आहे. गरोदरपण कळविल्यानंतर गर्भासाठी ती १ मिलिसिव्हर्ट आहे. अंगावरील किरणमापक बिल्ला ही मालकाची मेहेरबानी नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे. तो न देणाऱ्याकडे काम करू नये.

यास्तव पालकांस माझे सांगणे एवढेच की, फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : अभ्यासक्रमास मान्यता कोणाची, प्रत्यक्ष शिक्षण कोणत्या इस्पितळात, आणि उत्तीर्ण झाल्यावर नोंदणी होईल काय. जो लेखी उत्तर देत नाही त्याला पैसा देऊ नये. फसल्यावर वकिलाकडे येण्यापेक्षा आधी प्रश्न विचारणे हे स्वस्त आहे, आणि त्यात मुलाची वर्षेही वाचतात.